दारची मोटार

यंदाच्या स्मरणिकेसाठी "आपल्या गावच्या जुन्या काळाविषयी काही लिहा," असे संपादिका भगिनींनी सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पाणचक्की, मकबरा, वेरूळ-अजिंठा ही स्थळे असावीत. परंतु त्यांविषयी जाणत्या मंडळींनी इतके लिहून ठेवले आहे की, माझ्यासारख्या गृहिणीने त्यात भर ती काय घालावयाची! म्हणून मी विषय घेतला आहे तो रोजच्या पाहण्यातला, किंबहुना रोज वाटेत आडवा येणारा : दारापुढे उभी असलेली मोटार. तिलाही इतिहास आहे. आणि तो आठवू लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती आधीच सांगून टाकते. मोटार पूर्वीही त्रास देत होती आणि आजही देते. पण पूर्वी ज्याची मोटार त्यालाच तिचा त्रास होत असे आणि शेजारी मदतीला धावून येत. आज ती मालकाला फारसे छळीत नाही; शेजाऱ्याला छळते. हा पालट कसा झाला, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

आपले गाव वसले ते मोटारीसाठी नव्हे. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, पुढे औरंगजेबाच्या काळी, १६८२ च्या सुमारास, तिच्याभोवती तट उभा राहिला. दरवाजे बांधले गेले ते हत्ती, घोडे, पालख्या आणि बैलगाड्या यांचा विचार करून. पुढे निजामशाहीत मोटारी आल्या त्या हैदराबादेस. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची एक पिवळी मोटार मागविली होती. आत सिंहासनासारखी बैठक असलेली ही गाडी १९१२ साली तयार झाली. पण ती पाहावयास ते राहिले नाहीत, १९११ सालीच वारले. पुढे ती फार थोडे मैल चालली आणि आज हैदराबादेच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. मला तर वाटते, ज्या मोटारीने मालकाला कधीच त्रास दिला नाही अशी ती एकच असावी, कारण तिला कोणी फारसे चालविलेच नाही!

सामान्य माणसाला मोटार भेटली ती बसच्या रूपाने. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्ता-वाहतूक सुरू केली. इकडे मुंबई राज्यात आपली लाल एस. टी. धावू लागली ती १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. म्हणजे बसच्या बाबतीत मराठवाडा मागे नव्हता. खाजगी मोटार मात्र जहागीरदार, मोठे वकील, एखादे डॉक्टर आणि मोंढ्यावरचे व्यापारी यांच्याकडेच. बाकी सारे गाव टांग्याने जाई, नाही तर पायी. १९६१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती लाखाच्या आत होती. स्टेशनापासून गुलमंडीपर्यंत टांगा घेतला तरी वाटेत दोन-चार ओळखीची माणसे भेटावयाचीच.

मी १९६५ साली या गावात सून म्हणून आले. आमचे घर तेव्हा औरंगपुऱ्यात होते. मामंजी वकील. त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक वापरलेली लँडमास्टर घेतली होती. नव्या पिढीच्या भगिनींना हे नाव ठाऊक नसेल. हिंदुस्थान मोटर्स या कारखान्याने १९५४ पासून ती काढली, आणि तिच्या मागोमाग १९५७ साली आली ती आपल्या सर्वांच्या परिचयाची अँबॅसिडर.

"जुनी का घेतली, नवी का नाही?" असे आजची नातवंडे विचारतात. तेव्हा पैसे असूनही नवी मोटार मिळत नसे, हे त्यांना खरे वाटत नाही. त्याचे कारण थोडक्यात असे. स्वातंत्र्यापूर्वी परदेशी मोटारी येत. जनरल मोटर्सने तर १९२८ सालापासून मुंबईत बाहेरून आणलेले भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना चालविला होता. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवावयाचे आणि देशात उद्योग वाढवावयाचे म्हणून सरकारने १९४९ साली तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ साली असे ठरले की, जे कारखाने हळूहळू सगळे भाग येथेच बनवतील त्यांनीच मोटारी काढाव्यात. तेव्हा परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. राहिले मुख्यत्वे तिघे : कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेले, मुंबईत कुर्ल्याला फियाट काढणारे प्रीमियर. उत्पादन परवान्याने बांधलेले आणि मागणी त्याच्या कितीतरी पट.

मग सरकारने वाटपाचा नियम केला. मोटारीसाठी नाव नोंदवावयाचे तर पोस्टाच्या बचत खात्यात दोन हजार रुपये ठेवून ते पासबुक विक्रेत्याच्या नावे अडकवून ठेवावे लागे. आमच्या यजमानांनी १९६७ साली फियाटसाठी असे पासबुक दिले. तेव्हा आमची थोरली पाळण्यात होती. गाडी दारात आली १९७५ साली, तेव्हा ती तिसरीत गेली होती! मधल्या काळात गाडीचे नावही बदलून चितोडच्या राणीच्या नावावर पद्मिनी झाले होते. आम्ही मागितली फियाट आणि आली पद्मिनी, असा विनोद घरात पुष्कळ दिवस चालला. या आठ वर्षांत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न "नंबर लागला का?" हाच असे. लग्नाच्या मुलीविषयी विचारावे तसे लोक मोटारीविषयी विचारीत.

तोवर लँडमास्टर चालवणे भाग होते, आणि ती चालवणे म्हणजे घरातल्या सर्वांचे काम होते. हिवाळ्यात सकाळी बॅटरी बसलेली असे. मग मामंजी आत बसावयाचे, यजमान पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून फिरवावयाचे. हँडल उलटे फिरून मनगटाला असा फटका देई की, हळद आणि तुरटीचा लेप घरात कायम तयार असे. तो करणे माझ्याकडे. हँडलनेही गाडी जागी झाली नाही तर धक्का. गल्लीतील मुले हाकेसरशी जमत. शाळेत जाण्यापूर्वी मोटार ढकलणे हा त्यांचा खेळच होता. सासूबाई दारात उभ्या राहून "नारळ फोडला होता की नाही गाडीला?" असे दर वेळी विचारीत.

मोटार पुरुषांची म्हणून समजली जाई, परंतु तिचे पुष्कळसे काम स्वयंपाकघरावर पडे. रेडिएटरसाठी पाण्याचा डबा भरून ठेवावयाचा. काचा पुसावयास जुन्या धोतराची मऊ फडकी धुऊन द्यावयाची. गाडी उघडून बसलेल्या मिस्त्रीला दोन वेळचा चहा आणि दुपार झाली तर भाकरी. कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला, प्लग काळे झाले, फॅनबेल्ट तुटला, हे शब्द मी चकल्या तळता तळता शिकले. फॅनबेल्ट तुटल्यावर गावात मिळाला नाही म्हणून मुंबईहून एस. टी.च्या पार्सलाने येईपर्यंत गाडी बारा दिवस उभी होती, आणि त्या बारा दिवसांत तिच्याखाली मांजरीने पिले घातली. टायर गुळगुळीत झाले तरी टाकून देण्याची रीत नव्हती. त्यांवर पुन्हा रबर चढवून घेत आणि स्टेपनीवर भरवसा ठेवीत.

माझे माहेर चाळीसगावचे. दिवाळीला माहेराहून परत येताना औट्रम घाट चढावा लागे. खानदेशचा सपाट मुलूख संपला की कन्नडकडे येणारी ही चढण लागते. जेम्स आउटराम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून तिला हे नाव पडले. आमची लँडमास्टर निम्म्या घाटात उकळू लागे. बोनेट उघडून वाफ जाऊ द्यावयाची, रेडिएटरचे झाकण ओल्या फडक्याने धरून सावकाश सोडावयाचे, पाणी ओतावयाचे आणि पुन्हा निघावयाचे. घाटात थांबलेल्या मोटारीजवळून जाणारा ट्रकवाला कधी न विचारता पुढे गेला नाही. "पानी है क्या?" एवढे तरी विचारीच. हाच घाट पुढे इतका तुंबू लागला की, २०२३ साली उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने त्यातून जड वाहनांना बंदी केली. पूर्वी घाटात गाडी तापे. अलीकडे चालकांची डोकी तापू लागली.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत मोटार एकच होती, आणि म्हणून ती कोणा एकाची नव्हती. वराच्या वरातीसाठी ती मागितली जाई. परत येई तेव्हा बैठकीत तांदळाच्या अक्षता आणि पेट्रोलचा काटा तळाला. मामंजी कुरकुरत, पण नाही म्हणत नसत. तक्रार होती ती अशी : मागणारे पुष्कळ, पेट्रोल घालणारा विरळा. पण १९६९ च्या पावसाळ्यातली एक रात्र अशी आहे की, तिच्यापुढे या साऱ्या तक्रारी फिक्या पडाव्यात. पलीकडच्या घरातील सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या. रात्रीचे दोन वाजलेले, टांगा मिळण्याची आशा नाही. आमची मोटार नेहमीप्रमाणे सुरू होईना. तेव्हा गल्लीतील पाच-सहा पुरुष, कोणी पंचा नेसलेले, कोणी बनियनवर, असे पावसात बाहेर आले आणि तिला आत बसवून त्यांनी मोटार उतारापर्यंत ढकलीत नेली. उतारावर ती सुरू झाली. घाटी दवाखान्यात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मुलगा झाला. तो आज पंचावन्नच्या पुढे गेला आहे. मोटार नादुरुस्त होती, पण गल्ली दुरुस्त होती, असे मी या गोष्टीविषयी नेहमी म्हणते.

१९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाचे भाव चढले आणि आपल्याकडेही पेट्रोल महाग झाले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो लोकांनी कौतुकाने पाहिला. आमच्या गल्लीत मोटार आठवड्यातून दोनदाच निघू लागली, आणि मराठवाड्यात त्याच वेळी दुष्काळाची वर्षे नुकतीच गेलेली होती. ज्यांच्या घरी धान्याची चिंता त्यांना पेट्रोलचे दुःख काय सांगावयाचे, हे मामंजी बोलून दाखवीत. मोटार ही चैन आहे आणि ती वापरताना लाज बाळगावी, असे त्या पिढीला मनापासून वाटत असे.

यानंतरचा काळ झपाट्याने बदलला. १९७२ साली सिडकोकडे नव्या वसाहतीचे काम आले आणि तटाबाहेरच्या मोकळ्या रानात एन-१, एन-२ अशा आकड्यांची घरे उभी राहू लागली. आपल्यापैकी कितीतरी जणी त्याच काळात जुन्या शहरातून इकडे आल्या. त्या वेळच्या घरांचे नकाशे आठवा. पुढे जरा अंगण, मागे धुण्याची जागा, एका बाजूने सायकल जाईल एवढी बोळ. मध्यमवर्गीयाच्या दारात मोटार असेल अशी कल्पनाही कोणी केली नव्हती आणि त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही घर घेणाऱ्यांनी तरी कुठे केली होती? १९८२ च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पुढच्याच डिसेंबरात, १४ तारखेस, दिल्लीकडे इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाला मिळाली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. नोकऱ्या आल्या, पगार आले, स्कूटरी आल्या, त्यांच्यामागून मोटारी आल्या. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना निघाला, म्हणजे आपल्या शहरात मोटारीच तयार होऊ लागल्या.

मारुतीने मोटारवाल्याचे जुने दुःख नाहीसे केले, हे मान्य केलेच पाहिजे. किल्ली फिरविली की ती सुरू होई. हँडल गेले, लेप गेला, रेडिएटरचा डबा गेला. त्याबरोबर गल्लीतील मुलांचा धक्का गेला आणि मिस्त्रीचा चहाही गेला. नवी गाडी बिघडली तर ती कंपनीच्या दुकानात जाते. तेथे चकचकीत खोलीत बसवून ठेवतात आणि संध्याकाळी एक लांबलचक बिल हातात देतात. त्यातल्या निम्म्या ओळी कशाच्या आहेत, हे विचारण्याची सोय नसते. आमचा मिस्त्री तुटलेला भाग हातात देऊन "बाई, हे बघा" म्हणत असे.

पुढची हकीकत तर आपल्या शहराने साऱ्या देशाला ऐकवली. २०१० च्या ऑक्टोबरात येथील व्यापारी, उद्योजक, डॉक्टर आदी मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. स्टेट बँकेने त्यांपैकी पुष्कळांना सुमारे ७ टक्के व्याजाने कर्ज दिले. आपले शहर मागे नाही हे जगाला कळावे, असा खरेदी करणाऱ्यांचा हेतू होता आणि त्यात अभिमान वाटावा असेही काही होतेच. परंतु याच मुलखातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून पुष्कळ जास्त व्याज द्यावे लागत होते, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लक्ष वेधले. मामंजी असते तर त्यांना दुष्काळाची वर्षे आठवली असती. मला आपली साधी शंका आली ती अशी, की एवढ्या बसक्या गाड्या आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक ओलांडणार कशा?

कारण मोटारी वाढल्या तरी गाव तेच होते. २०११ च्या शिरगणतीत वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. दिल्ली दरवाजा, पैठण गेट, भडकल गेट यांना वळसा घालून रस्ते काढले म्हणून ते निभावले. भडकल गेट तर १६१२ सालचे, मलिक अंबराच्या वेळचे. पण खाम नदीवरचे मकाई, बारापुल्ला आणि महेमूद दरवाजे यांच्यापाशी पूल आणि कमान दोन्ही अरुंद. समोरासमोर दोन मोटारी आल्या की कोणी मागे यावयाचे यावर वाद. चारशे वर्षांच्या दगडी कमानीला मोटारींचे ओरखडे पडलेले पाहिले की वाईट वाटते. हत्ती गेले त्या वाटेने आपण मोटार घासत नेतो! २०११ च्या सुमारास जुन्या शहरातील रस्ते रुंद करण्यासाठी घरे-दुकाने पाडली गेली. रुंद झालेली जागा पाहता पाहता उभ्या केलेल्या गाड्यांनीच भरली. गुलमंडीवर साडी घ्यावयास जाणाऱ्या भगिनींना मी काय सांगावे? अर्धा तास खरेदीला आणि पाऊण तास गाडी लावण्याला.

मालकाच्या मागे नव्या कटकटी लागल्या नाहीत असे नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलनाक्यावर फास्टॅगची चिठ्ठी काचेवर पाहिजे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरपाटी बसवावयाची, म्हणून २०२५ साली साऱ्या महाराष्ट्रात धावपळ झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत फेरतपासणी. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटर पुरा झाला. आपल्या सावंगीला वर चढले की नागपूर जवळ आले. पण जुने गुळगुळीत टायर घेऊन त्या सिमेंटवर भरवेगाने जाणे म्हणजे जिवाशी खेळ, हे मुलांना बजावून सांगावे लागते. पूर्वी रस्ता वाईट म्हणून गाडी हळू जाई. आता रस्ता चांगला म्हणून भीती वाटते.

तरी हे सारे मालकाचे दुःख झाले. शेजाऱ्याचे दुःख निराळे, आणि त्याची दाद कोठे मागावी हे कळत नाही. आपल्याच ओळीत एका बाजूला मोजल्या तर अकरा मोटारी उभ्या असतात. त्यांतल्या किती रोज निघतात? माझ्या मोजणीप्रमाणे चार. उरलेल्या सात रविवारची वाट पाहत उभ्या. त्यांच्यामुळे भाजीची हातगाडी आत येत नाही, वृद्धांना चालावयास कड राहत नाही, मुलांना लगोरी मांडावयास जागा नाही. पाण्याचे तर आपण सर्वजणी जाणतोच. पैठणचा नाथसागर १९७६ साली पुरा झाला, तरी आपल्या नळाला कैक वर्षे आठवड्याने पाणी येत आले. टँकरच्या दिवशी टँकर गल्लीत वळू शकला नाही म्हणून लांबून नळी ओढावी लागते. आणि ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी कोणी पाइप लावून मोटार धुतो, तेव्हा हंडा भरून ठेवणारीच्या मनात काय येत असेल?

तीन वर्षांपूर्वी श्रावणात शेजारच्या आजींच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडली. दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये वाट अपुरी. एक गाडी काढावयाची तर तिचे मालक गावाला, किल्ली त्यांच्याबरोबर. शेवटी आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेले. वीस मिनिटे गेली. आजी वाचल्या, मंडळाच्या हळदीकुंकवालाही आल्या; पण त्या वीस मिनिटांत त्यांची सून दारात उभी राहून काय सोसत होती ते मी पाहिले आहे. ६९ सालच्या त्या रात्री गल्लीत मोटार एक होती आणि ती चालत नव्हती, तरी बाई दवाखान्यात पोहोचली. आता अकरा चालत्या मोटारी आहेत आणि त्यांच्यामुळेच वाट अडते. माणसे वाईट झाली असे मी म्हणणार नाही. खुर्ची उचलणारे चौघे त्याच गाड्यांचे मालक होते.

मोटार घेऊ नये असेही माझे म्हणणे नाही. ज्या शहरात बस वेळेवर मिळत नाही तेथे माणूस मोटार घेणारच. शहर बससेवा २०१९ च्या जानेवारीत नव्याने सुरू झाली, ती आपण जितकी वापरू तितकी टिकेल. मोटारीने स्त्रीला मोकळीकही दिली आहे. आमच्या वेळी मोटारीत मागे बसणे एवढेच आमचे काम. आज आपल्या मंडळातील कितीतरी भगिनी स्वतः गाडी चालवून मुलांना शाळेत सोडतात, आईला दवाखान्यात नेतात. मला स्वतःला मामंजींनी १९७१ साली छावणीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकविली, तेव्हा आप्तेष्टांत त्याची चर्चा महिनाभर चालली होती! २०२४ साली बिडकीनला टोयोटाच्या कारखान्यासाठी करार झाला. म्हणजे गाड्या वाढणार आहेत, कमी होणार नाहीत. विजेवरच्याही येतील आणि त्यांच्या तारा कोणाच्या अंगणातून न्यावयाच्या हा नवा वाद आणतील.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे काही साध्या सूचना ठेवते. एक, गल्लीत मोटारी एकाच बाजूस लावाव्यात; सम तारखेस एक बाजू, विषम तारखेस दुसरी. दोन, गावाला जाताना मोटारीची दुसरी किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. घराची ठेवतो, मग मोटारीची का नको? तीन, मोटार बादली आणि ओल्या फडक्याने पुसावी. पाइप लावणे नळाच्या दिवशी तरी बंद. चार, रात्री-अपरात्री गाडी काढू शकतील अशा चालक भगिनींची आणि बंधूंची नावे मंडळाच्या फळ्यावर लिहावीत. यासाठी ना वर्गणी लागते ना ठराव. महानगरपालिकेने रस्ते करावेत, वाहनतळ करावेत, हे त्यांचे काम आहे आणि ते आपण मागत राहूच. पण आपल्या गल्लीची वाट मोकळी ठेवणे हे आपले काम आहे.

पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षाबाईंना विनंती आहे. सभेला येताना ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी यजमानांनाही बरोबर आणावे, आणि शक्यतो दोघांनीही चालत यावे.